ताड, मोह आणि आबकारी

वाईनविषयीच्या अलीकडच्या लेखनात एक माणूस आपल्याला वारंवार भेटतो. युरोपातल्या कुठल्याशा उभ्या डोंगरउतारावर त्याची लहानशी द्राक्षबाग असते. उतार असा की ट्रॅक्टर चढत नाही. जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या ब्रेमजवळचा काल्मोंट हा मळा तर जवळजवळ ६५ अंशांचा आहे, आणि तेथे पाठीवर टोपली बांधून हातांनीच द्राक्षे तोडावी लागतात. हा माणूस विकतचे यीस्ट घालीत नाही. सालीवर आणि हवेत जे जिवाणू व किण्व असतील त्यांच्याच भरवशावर तो रस आंबवतो. साखर घालीत नाही, गाळीत नाही, गंधकाचा वापर शक्य तितका टाळतो. फ्रान्समधील ब्योजोले भागात ज्यूल शोव्हे या रसायनतज्ज्ञाने या पद्धतीचा पाया घातला, मार्सेल लापिएर आणि त्याच्या स्नेह्यांनी १९८०च्या दशकापासून ती प्रत्यक्षात आणली, आणि २०२० साली फ्रेंच सरकारी यंत्रणेने तिला एक अधिकृत नावही दिले. जॉर्जियातील मातीच्या पुरलेल्या रांजणांत वाईन करण्याच्या रीतीला तर युनेस्कोने २०१३ मध्येच मानवजातीच्या वारशात जागा दिली होती.

आम्हाला या माणसाचे वावडे नाही. त्याच्या कष्टांविषयी आदरच आहे. परंतु त्याच्याविषयीचे लेखन वाचताना आम्हाला राहून राहून आमच्या गाडीची खिडकी आठवते. कल्याण सोडून कर्जतकडे वळलेली लोकल विठ्ठलवाडीला येते तेव्हा एका बाजूला इमारतींच्या पाठी दिसतात आणि मधूनच वालधुनीचे काळे पाणी. हीच नदी थोड्या अंतरावर अंबरनाथच्या शके ९८२ मधल्या, म्हणजे इ. स. १०६०च्या शिवालयाच्या पायथ्याशी वाहते हे प्रवाशांपैकी कितीजणांच्या मनात येत असेल कोण जाणे. या काठाने अजून कुठे कुठे शिंदीची चार-दोन झाडे उभी आहेत. त्या झाडांकडे पाहिले की वाटते, हाताने काढलेले, कुणी काही न मिसळलेले, हवेतल्या किण्वावर आपोआप आंबलेले मद्य हा शोध आपल्याकडे कुणी बाहेरून आणून द्यावा असा नव्हता. ठाणे जिल्ह्यात ते काम करणारा माणूस किमान सातशे वर्षे होता. त्याचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

सातशे वर्षांचा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. १३२१ साली ठाण्यात चार ख्रिस्ती फकीर मारले गेले. त्यांचा सहप्रवासी जोर्डानस त्या वेळी ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला, आणि त्यानेच त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. या जोर्डानसने पुढे हिंदुस्थानातील नवलांचे जे छोटे पुस्तक लिहिले त्यात नारळीनंतर आणखी एका झाडाचे वर्णन आहे. हे झाड वर्षभर पांढरे, पिण्यास गोड असे पेय देते असे तो सांगतो आणि त्याचे नावही देतो : तारी. लॅटिन पुस्तकात बसलेला हा आपल्या 'ताडी'चा धाकटा भाऊ.

ताडी, माडी आणि शिंदी यांत शहरी वाचकाचा गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबून सांगावेसे वाटते. ताडाची ती ताडी, नारळीच्या माडाची ती माडी आणि शिंदीच्या, म्हणजे रानखजुराच्या झाडाची ती शिंदी. भेर्ली माडाचीही काढीत. चारही झाडांचे गुपित एकच आहे : फुलोऱ्याकडे किंवा शेंड्याकडे निघालेला गोड रस वाटेतच अडवून काढून घ्यायचा. ताड आणि माडाच्या बाबतीत कोवळा फुलोरा बांधून, हलके ठोकून मऊ करतात आणि त्याचे टोक कापतात. मग सकाळ-संध्याकाळ वर चढून धारदार कोयतीने एक पातळ काप घ्यायचा, खाली भोपळ्याचा तुंबा किंवा मडके बांधायचे. काप जाड गेला तर फुलोरा लवकर संपतो, पातळ गेला तर रसाच्या वाटा बुजतात. शिंदीची रीत वेगळी. तिच्यात शेंड्याखालचे खोडच तासून रस काढतात आणि दर वर्षी बाजू बदलतात. एका साली डावी खाच, पुढच्या साली उजवी. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते.

झाडातून निघतो तेव्हा हा रस मद्य नसतो. त्यात दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि तो लहान मुलालाही पाजता येतो, तीच नीरा. पण मडक्याच्या कडांवर, हवेत, माशांच्या पायांवर किण्व असतेच. रस मडक्यात पडू लागल्याक्षणी आंबणे सुरू होते. काही तासांत चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होते आणि दुसऱ्या दिवशी तो आंबट होऊन सिरक्याच्या वाटेला लागतो. आंबू द्यायचा नसेल तर मडक्याला आतून चुना फासतात. द्राक्षाची वाईन वर्षानुवर्षे तळघरात निजते. ताडीचे आयुष्य एका दिवसाचे. तिला साठवता येत नाही, दूर नेता येत नाही, पेटीत घालून विलायतेला पाठवता येत नाही. जी बाब रसाच्या स्वभावात आहे तीच पुढे तिच्या इतिहासाची कळ ठरली, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

हे काम उत्तर कोकणात प्रामुख्याने भंडाऱ्यांचे. त्यांच्या नावाची व्युत्पत्ती कुणी भांडाराशी जोडतात, कुणी मद्य गाळणाऱ्याच्या संस्कृत शब्दाशी. आम्हाला या वादात शिरण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई बेटाच्या रक्षणासाठी जी पहिली लोकसेना उभी केली तिच्यात भंडारी होते आणि त्याच भंडाऱ्यांकडून झाडांचा करही घेतला जाई. पेशवाईत मद्याविषयी सरकारची दृष्टी कडक होती. तरीही वसई, चौल अशा पोर्तुगीजांकडून घेतलेल्या कोकणच्या मुलखात भंडारी, कोळी व ख्रिस्ती रयतेला तिच्यातून सूट होती, हे न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवरील आपल्या निबंधात नमूद केले आहे. ही सूट आम्हाला महत्त्वाची वाटते. पुण्याच्या ब्राह्मणी सरकारलाही हे कळत होते की समुद्रकाठी व डोंगरात राहणाऱ्या माणसांचे जेवण, सण, लग्न आणि मर्तिक यांतून ताडी-दारू काढून टाकता येणार नाही. सरकारला ती आवडत नव्हती, पण तिच्यावाचून आपला खजिना चालणार नाही अशी गत मात्र अजून झालेली नव्हती.

ती गत झाली १८७८ साली. त्या वर्षीच्या मुंबई आबकारी कायद्याने मद्य तयार करण्याचे, विकण्याचे आणि झाड छेदण्याचे सर्व हक्क सरकारच्या परवान्याखाली आणले. या व्यवस्थेमागचा कर्ता पुरुष चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी होता. मीठ, अफू आणि आबकारी ही खाती त्याच्याकडे होती, आणि या तिन्ही जिनसांत एक साम्य त्याने नेमके हेरले होते : गरिबाला त्या लागतातच, आणि त्या तयार होण्याची ठिकाणे थोडी केली तर कर चुकवता येत नाही. दारूच्या बाबतीत त्याने तेच केले. गावोगावच्या मातीच्या भट्ट्या बंद करायच्या, मोजक्या मोठ्या भट्ट्यांत दारू गाळायची, तिच्यावर गॅलनमागे कर घ्यायचा आणि विक्रीचा मक्ता द्यायचा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना ही दारू उरणजवळच्या मोरा बंदरावरील पारशी मालकांच्या भट्ट्यांतून येई.

आता ताडीचे काय करायचे? प्रिचर्डची अडचण अशी की ताडी एका ठिकाणी आणता येत नव्हती. ती शेकडो गावांत, हजारो झाडांच्या शेंड्यांवर रोज थोडी थोडी तयार होई आणि संध्याकाळपर्यंत पिऊन संपे. तिच्यावर कर बसवायचा तर एकच गोष्ट जागची हलत नव्हती, ती म्हणजे झाड. म्हणून झाडावर कर बसला. तोही नाममात्र नव्हे. एका झाडापासून वर्षाला किती ताडी निघते, तिच्यात किती अल्कोहोल असते, तेवढे अल्कोहोल भट्टीच्या दारूत असते तर सरकारला किती महसूल मिळाला असता, असा हिशेब मांडून दर वाढवण्यात आले. हिशेबाचे सूत्र उघड होते : ताडी स्वस्त राहिली तर मोऱ्याची दारू खपणार नाही. या धोरणाचे दक्षिण गुजरातमधील परिणाम डेव्हिड हार्डिमन यांनी, आणि ठाणे जिल्ह्यातील परिणाम इंद्रा मुनशी यांनी सविस्तर मांडले आहेत. दोघांच्या लेखनाचा इत्यर्थ आमच्या समजुतीप्रमाणे असा की सौम्य, ताज्या, घरच्या पेयापासून माणसांना हुसकून तीव्र, विकतच्या, उधारीच्या दारूकडे ढकलण्याचे काम एका कायद्याने केले. आणि हे सर्व मद्यपानाला आळा घालण्याच्या नावाखाली चालले होते. दर वाढले की पिणे कमी होईल, हा सरकारी युक्तिवाद. महसूल मात्र वाढत राहिला.

कराचा पैसा झाड छेदण्याआधी भरायचा असे. ज्याच्याकडे रोकड नाही तो दुकानदाराकडून घेई आणि मग ताडीही त्यालाच घाली. पुष्कळ भंडाऱ्यांनी कोयती टाकली. मुंबईच्या गिरण्या, छापखाने, पोलीस यांत पुढच्या पिढ्या गेल्या. त्यांचे त्यात वाईटच झाले असे आम्ही म्हणणार नाही. झाडावरून पडून मेलेल्यांच्या घरात या बदलाचे दुःख कुणी केले नसेल.

डोंगरातल्या माणसांची गोष्ट याहून बिकट. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्याकडे ताड सर्वत्र नव्हता, मोह होता. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे गळतात. बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उजाडल्यावर गुरे आणि हरणे वाटेकरी होतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ते भाजून, शिजवून, पिठात घालून खातात, गुरांना घालतात आणि आंबवून मडक्यात दारू गाळतात. पावसाळ्याच्या तोंडाशी, घरातले नागलीचे दाणे संपले असता, हे फूल म्हणजे धान्यच. ताडीच्या नेमके उलट, ते वर्षभर टिकते, आणि त्यामुळेच ते सरकारच्या डोळ्यांत खुपले. ज्याच्या घरात मोहाची पाटी आहे त्याच्या घरात भट्टी होऊ शकते! १८९२ साली मुंबई सरकारने खास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला आणि फुले बाळगण्यावर व त्यांच्या व्यवहारावर निर्बंध घातले. झाडाखाली पडलेले फूल, जे खाण्याचेही होते, ते घरात असणे हाच संशयाचा पुरावा झाला. शिपायाने झोपडीत शिरून उतरंड तपासावी याला आता कायद्याचा आधार होता. आबकारीच्या एकूण इतिहासात आम्हाला याइतकी निर्दय तरतूद दुसरी दिसत नाही, कारण येथे दारूवर नव्हे तर भुकेवर पहारा बसला.

यातून दारूचे दुकान गावातले एक सत्ताकेंद्र बनले. दुकानदार दारू उधार देई, बियाणे देई, लग्नाला पैसे देई. पुष्कळदा तोच जमिनीचा मालक होऊन बसे. १९३९ साली सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी मुलखावर जो अहवाल दिला त्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर वेठीला राबणारी माणसे आहेत, आणि गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तीच माणसे १९४५ च्या उठावात उभी राहिलेली दिसतात.

येथवरचे वाचून कुणाला वाटेल की आम्ही मद्याची तरफदारी करीत आहोत आणि मद्यविरोध हा केवळ साहेबाचा किंवा पांढरपेशांचा कावा ठरवीत आहोत. तसे असते तर लेख फार सोपा झाला असता. १८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढू नयेत म्हणून नगरपालिकेला पत्र लिहिणारे जोतीराव फुले होते. १९०८ साली पुण्याच्या दुकानांवर टिळकांच्या अनुयायांनी निरोधने केली. आणि सर्वांत विचार करायला लावणारी घटना ठाणे जिल्ह्याच्याच किनाऱ्यावरची. १९२१-२२ च्या सुमारास पालघरकडच्या कोळी वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली. आरंभी हा देवीच्या रोगाच्या शांतवनाचा साधा विधी असावा. तो किनाऱ्यावरून डोंगरात चढला, वारल्यांत व कोकण्यांत गेला आणि तेथून दक्षिण गुजरातेत पसरला. जाताजाता देवीच्या आज्ञा बदलत गेल्या : रोज आंघोळ करा, मांस सोडा, दारू-ताडी पिऊ नका, आणि पारशाच्या दुकानावर किंवा शेतावर कामाला जाऊ नका. हार्डिमन यांनी या चळवळीवर लिहिलेल्या पुस्तकात या शेवटच्या आज्ञेवर भर दिला आहे. दारू सोडणे म्हणजे दुकानदाराची सत्ता सोडणे, हे या माणसांना कुणी पुढाऱ्याने येऊन शिकवले नव्हते. तेव्हा आबकारीने लुबाडलेला माणूस आपले पारंपरिक पेय परत मागतो, असा इतिहास घडला नाही. त्याने एकदा तरी ते पेयच टाकून पाहिले. आमच्या वाईनच्या लेखांतल्या 'परंपरा' या शब्दाला या गोष्टीने थोडा धक्का बसावा.

गांधींच्या कार्यक्रमात यावर एक तोड होती आणि ती आम्हाला आजही बुद्धिमान वाटते. झाड तोडू नका, छेदणाऱ्याला बेकार करू नका. चुना फासलेल्या मडक्यात नीरा काढा, ती आटवून ताडगूळ करा. गजानन नाईक यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत या कामाला वाहून घेतले. परंतु नीरा आणि ताडी यांतले अंतर काही तासांचे व एका बोटभर चुन्याचे. ते राखायचे तर छेदणाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो, आणि कायद्याने तो कधी टाकला नाही.

१ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली; मंत्रिमंडळ गेले आणि ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्यात बंदी आली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात तिची काही कलमे रद्द केली, पण गाभा राहिला. या कायद्याची व्याख्यांची यादी वाचावी. तेथे ताडी आहे, नीरा आहे, झाड छेदणे आहे, मोहाची फुले आहेत. प्रिचर्डच्या वेळची सारी मंडळी खादीच्या कपड्यांत पुन्हा हजर. फरक इतकाच की पूर्वी कर भरून झाड छेदता येत होते. बंदीच्या काळात जे वाढले त्याचे नाव 'हातभट्टी'. सडका गूळ, नवसागर आणि पत्र्याचे डबे यांतून निघणारे ते पेय ना भंडाऱ्याचे होते ना वारल्याचे. ते शहराचे अपत्य होते, आणि खाडीकाठची झुडपे व डोंगरांचे पायथे ही त्याची जन्मस्थाने.

१९६०च्या दशकात बंदी सैल झाली. ताडीची दुकाने परवान्याने परत आली, १९६८ साली त्यांचे व झाडे छेदण्याचे नियम झाले. देशी दारूचे कारखाने १९७०च्या दशकात उभे राहिले. मात्र तोवर झाडावर चढणारे हात कमी झाले होते आणि पिणारे वाढले होते. दुकानात विकल्या जाणाऱ्या ताडीचे प्रमाण आणि छेदलेल्या झाडांचे प्रमाण यांचा मेळ बसेना, तेव्हा मधली जागा क्लोरल हायड्रेटसारख्या गुंगीच्या रसायनाने भरून काढली. जगातले सर्वांत नैसर्गिक मद्य आज अनेक ठिकाणी पांढऱ्या पाण्यात कालवलेली भुकटी आहे. आणि ज्याला तेही परवडत नाही, त्याच्या वाट्याला मिथेनॉल येते. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे त्याने मेली.

दरम्यान २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात माफी मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले. द्राक्ष हे शेतमाल आहे, वाईन ही शेतकऱ्याची जोडमिळकत आहे, हा त्यामागचा विचार. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही हाच युक्तिवाद होता. अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी त्याला विरोध केला. आम्हाला त्या युक्तिवादात काही खोटे दिसत नाही. इब्न बतूतानेही चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांची वाखाणणी केली आहे, तेव्हा द्राक्ष परके आहे असेही कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच पडतो की ताड हे शेतमाल का नव्हते? मोह का नव्हता? मोहाच्या फुलांची वेचणी, साठवण व वाहतूक यांवरचे निर्बंध राज्याने उठवले ते २०२१ मध्ये, म्हणजे १८९२ नंतर जवळजवळ एकशे तीस वर्षांनी, आणि तेही फुलांपुरतेच. ते फूल मडक्यात शिजू लागले की परवाना आलाच.

ताड रस देण्याइतका वाढायला बारा ते वीस वर्षे लागतात. लावणारा बहुधा दुसऱ्यासाठी लावतो. आता तो कुणी मद्यासाठी लावील असे वाटत नाही. ताडगोळ्यांना मुंबईत चांगला भाव येतो, तेवढ्यासाठी काही झाडे राहतील. शिंदीला तोही आधार नाही. परवा आम्ही विठ्ठलवाडीला उतरून वालधुनीच्या काठाने चालत गेलो आणि गाडीतून नेहमी दिसणाऱ्या त्या झाडांपैकी एकाखाली उभे राहिलो. खोडावरच्या खाचा खालपासून मोजल्या : डावी, उजवी, डावी, उजवी, अशा अकरा. त्यांच्या वर दोन पुरुष उंचीचे खोड आहे, ते अगदी सरळ.